सांबा, बायांव आणि ब्लूज: मिश्रण बसवताना तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जॅझची एखादी ओळखीची धून घ्यायची, कीबोर्डवरचं ‘बोसा नोव्हा’ हे बटण दाबायचं, वर सॅक्सोफोन सोडायचा आणि पोस्टरवर ‘ब्राझिलियन फ्यूजन’ छापायचं. हॉटेलच्या लॉबीत हे खपून जातं. तासाभराच्या कार्यक्रमात खपत नाही. तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतले मोबाइल बाहेर निघतात, कारण सगळी गाणी एकाच गिरणीतून दळून आल्यासारखी वाटायला लागतात. धून वाईट नसते, वाजवणारेही कच्चे नसतात. काम उलट्या टोकाने सुरू केलेलं असतं: आधी गाणं निवडलं, मग कॉर्ड रंगवले आणि सर्वांत शेवटी ड्रमरला सांगितलं, “जरा ब्राझिलियन वाजव.”

क्रम याच्या नेमका उलटा हवा. आधी तळातला ताल, मग बेस आणि गिटार, मग धून, आणि शब्द सर्वांत शेवटी. खालचे टप्पे चार-पाच जणांच्या बँडसाठी आहेत: गिटार, बेस, ड्रम, एक तालवाद्य, आणि पुढे गळा किंवा एखादं फुंकवाद्य. नोटेशन वाचता येत असेल तर उत्तम. नसेल तर सोळा घरं, म्हणजे तालाचे सारखे छोटे भाग, मोजता आली तरी पुरे.

## टप्पा १: कुठला ब्राझील आणि कुठली अमेरिका, हे आधी ठरवा

‘ब्राझिलियन संगीत’ या नावाचा कुठलाही एक ठेका नाही. रिओचा सांबा, त्याच रिओतला बोसा, ईशान्येकडचा बायांव आणि तिथल्याच रेसिफे शहराचा माराकातू यांचं वजन, वाद्यं आणि चाल वेगवेगळी आहे. अमेरिकेकडेही तेच: कूल जॅझ, फंक, ब्लूज आणि न्यू ऑर्लिन्सची मिरवणुकीची लय एकमेकांच्या जागी बसवता येत नाहीत. कुणाचं कुणाशी जमतं हे मुरलेल्या लोकांनी आधीच करून दाखवलं आहे. तिथून सुरुवात केली तर निम्मे घोळ टळतात.

बोसा आणि कूल जॅझ ही सर्वांत ओळखीची जोडी. दोघांचाही आवाज खालचा, दोघांनाही मोकळी जागा आवडते. सांबा आणि फंक ही दुसरी. रिओच्या बांदा ब्लॅक रिओने १९७७ च्या पहिल्या अल्बममध्ये फंकचा बेस आणि ब्रास घेतले, पण खाली सांबा चालूच ठेवला. माराकातूचे जड ढोल आणि हिप-हॉप, रॉक यांची सांगड रेसिफेच्या शिकू सायन्स आणि नासाव झुंबी यांनी १९९४ मध्ये घातली. आणि बायांव अमेरिकन ब्लूजशी इतका सहज जुळतो की नवशिक्या बँडला मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. कारण पाचव्या टप्प्यात येईल.

इशारा: एका गाण्यात एकच जोडी. पहिलं कडवं बोसा, दुसरं सांबा, शेवटी थोडा साल्सा असा प्रकार करू नका. साल्सा तर ब्राझीलचा नाहीच. तो क्युबा, पोर्तो रिको आणि न्यूयॉर्कचा. ही गल्लत जाणकार श्रोत्याला पहिल्या मिनिटात कळते.

## टप्पा २: तयारी, म्हणजे वाद्यं आणि कान

ऐकण्याचं काम वाजवण्याच्या आधी. पहिला आठवडा कुणीही वाद्याला हात लावू नये, असं म्हटलं की बँडमध्ये कुरकुर होते, पण मी हट्ट सोडत नाही.

एक जोडी मुद्दाम ऐका. अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात ध्वनिमुद्रित केलेला ‘जॅझ सांबा’, आणि त्याच गेट्झने पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तू याच्याबरोबर केलेला अल्बम. सॅक्सोफोन दोन्हीकडे एकाच माणसाचा आहे. पहिल्यात तालाची बाजू पूर्णपणे अमेरिकन वादकांकडे, तीही दोन ड्रमर घेऊन. दुसऱ्यात गिटार, पियानो आणि ड्रम ब्राझीलच्या माणसांकडे, ड्रमवर मिल्टन बनाना. सॅक्सोफोनकडे लक्ष न देता फक्त ड्रम आणि गिटार ऐका. पहिल्यात ताल गाण्याला पुढे ढकलत असतो, दुसऱ्यात तो जवळजवळ श्वासासारखा चालतो. पहिला अल्बम वाईट आहे असं नाही, तो अमेरिकेत तुफान चालला. पण तुम्हाला यातलं काय हवं आहे, हे वाजवायच्या आधी ठरलेलं बरं.

आता वाद्यं. गिटारला नायलॉनच्या तारा हव्यात, आणि पिक नको, बोटं. सुर्दू, म्हणजे सांबाचा मोठा ढोल, नसेल तर ड्रम सेटचा फ्लोअर टॉम घ्या, कातडं सैल करा आणि त्यावर दुमडलेला टॉवेल टाका. पुण्यातले काही बँड यासाठी आपला ढोल वापरतात. हरकत नाही, पण टिपरूची बाजू बंद ठेवा आणि ढोलाच्या बाजूला मऊ गादी गुंडाळलेली काठी वापरा. नाहीतर श्रोत्यांना विसर्जन मिरवणूक आठवते आणि पुढचं काहीच ऐकू येत नाही.

पान्देइरु हे वाद्य दिसायला आपल्या खंजिरीचं भावंड आहे, पण त्याच्या चकत्या आतल्या बाजूला वाकवलेल्या असतात आणि आवाज कोरडा, तुटक येतो. खंजिरीच वापरायची असेल तर झांजांवर कापडी पट्टी चिकटवा. लांबत जाणारी छनछन सोळा घरांचा सगळा तपशील गिळून टाकते.

तपासणी: बँडमधल्या प्रत्येकाला निवडलेला ठेका तोंडाने म्हणता येतो का? येत नसेल तर हातानेही येणार नाही.

## टप्पा ३: ताल बसवा (सर्वाधिक वेळ इथेच द्या)

पहिला अडथळा कागदावरचा आहे. ब्राझीलमध्ये सांबा आणि बोसा दोन मात्रांच्या बारमध्ये लिहितात. अमेरिकन गाण्यांच्या वह्यांमध्ये हेच चार मात्रांत लिहिलेलं सापडतं. म्हणजे ब्राझीलच्या कागदावर ६५ ही गती असेल तर अमेरिकन कागदावर त्याच गाण्याला १३० लिहिलेलं असतं. गिटारवाल्याने एक कागद आणला आणि बेसवाल्याने दुसरा, तर तालमीचा पहिला अर्धा तास भांडणात जातो. मी दोन मात्रांचाच हिशेब धरतो. प्रत्येक मात्रेची चार घरं, ‘त-क-धि-मि’. एका बारची आठ घरं, दोन बारची सोळा.

दुसरा अडथळा आपल्या अंगातला. आपल्याला समेवर जोर द्यायची सवय. आवर्तन फिरून आलं की पहिल्या मात्रेवर मान हलते. सांबात वजन दुसऱ्या मात्रेवर असतं. सर्वांत मोठा, सर्वांत खालच्या आवाजाचा सुर्दू दुसऱ्या मात्रेवर मोकळा वाजतो. पहिल्या मात्रेवर त्याहून लहान ढोल उत्तर देतो, आणि एकच ढोल असेल तर पहिल्या मात्रेला कातड्यावर हात ठेवून आवाज दाबलेला असतो. त्यामुळे ‘धप्… धूम, धप्… धूम’ असं चालतं. हे उलटं झालं की ऐकायला बँडबाजाची कवायत वाटते.

असा सराव करा: मेट्रोनोम हव्या त्या गतीच्या निम्म्यावर लावा. सांबा १०० च्या गतीने हवा असेल तर ५० वर. तो टिकटिक वाजेल ती दुसरी मात्रा समजा. पहिली मात्रा तुम्ही टाळीने द्यायची. सुरुवातीला दोन-चार बारमध्येच डोकं फिरून टिकटिक पुन्हा पहिली वाटू लागते. तसं झालं की थांबा, पुन्हा सुरू करा. पाच मिनिटं न चुकता टिकेपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरी गोष्ट, आणि जॅझ शिकलेल्यांची हमखास चूक: स्विंग. स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग लांब-आखूड असतात, जवळपास तिसऱ्यांच्या हिशेबाने. ब्राझीलच्या चार घरांत हा हिशेब नाही. म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि चारही घरं यंत्रासारखी सारखी वाजवतात. तेही नाही. पान्देइरु किंवा खुळखुळा वाजवणाऱ्याकडे लक्ष द्या: चारपैकी पहिलं आणि चौथं घर ठळक, मधली दोन हलकी. ‘त-क-धि-मि, त-क-धि-मि.’ बोलताना जिभेला जो झोका मिळतो तोच हाताला द्यायचा. खुळखुळ्याला गाण्यात सर्वांत कमी पगार असतो, पण बँड तोच चालवतो. सगळ्यात पक्क्या लयीचा माणूस तिथे उभा करा, मोकळा बसलेल्या गायकाच्या हातात तो देऊ नका.

चौथी, काठीचा नमुना. बोसात ड्रमर स्नेअरच्या कडेवर आडवी काठी टेकवून जो ठोका देतो, त्याचा पुस्तकी नमुना सोळा घरांत असा आहे: १, ४, ७, ११, १४. क्यूबाच्या क्लावेत, म्हणजे तिथल्या संगीताच्या पायाच्या ठोक्यांच्या नमुन्यात, शेवटचा ठोका १३ वर येतो. एका घराचा फरक, पण तेवढ्याने गाणं हवानाला जाऊन पोचतं. शिवाय क्यूबाच्या संगीतात क्लावे म्हणजे अलिखित कायदाच असतो. बोसात तसं नाही. चांगला ब्राझिलियन ड्रमर हा नमुना मोडत, बदलत, गायकाच्या ओळीप्रमाणे वाकवत वाजवतो. अख्खं गाणं तोच नमुना वाजला की कीबोर्डच्या बटणाचा वास येतो.

इशारा: नमुन्याची दोन अर्धुकं असतात आणि ती उलटसुलट बसू शकतात. धुनेची ओळ कुठल्या अर्धुकाशी जुळते ते गाऊन पाहा. ओळीतले आडवे ठोके, म्हणजे मात्रेवर न पडणारे, आणि काठीचे आडवे ठोके एकाच बारमध्ये पडले पाहिजेत. एकमेकांत अडकल्यासारखे वाटले तर नमुना एक बार पुढे सरकवा.

## टप्पा ४: बेस आणि गिटार

बेसवाल्याने जॅझची चालती ओळ, म्हणजे प्रत्येक मात्रेला नवा सूर, इथे विसरायची. बोसासाठी आठ घरांतली १ आणि ५ ही दोन मुख्य. १ वर कॉर्डचा मूळ स्वर, ५ वर पंचम, आणि त्यांच्या आधीची उसळी म्हणून ४ आणि ८. ड्रमरचा पायही याच घरांवर. चूक अशी होते की चारही ठोके सारख्या जोराने येतात आणि घोडा दौडल्याचा आवाज होतो. ४ आणि ८ जेमतेम ऐकू यावेत, वजन ५ वर पडावं. सांबाचा सुर्दू हाच, फक्त हळू आवाजात.

गिटारचा अंगठा आणि बोटं ही दोन वेगळी माणसं समजा. अंगठा दोन मात्रा शांतपणे देत राहतो. बोटं कॉर्ड आडव्या घरांवर उचलतात. बेसवादक असेल तर अंगठा हलका ठेवा, नाहीतर खालचे स्वर एकमेकांना चिरडतात.

इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आगाऊ कॉर्ड. नवा कॉर्ड पुष्कळदा नव्या बारच्या पहिल्या घरावर न येता आधीच्या बारच्या आठव्या घरावरच येतो आणि पुढे ओढला जातो. हा झोका ब्राझीलच्या गिटारचा प्राण आहे. पण गिटार आठव्या घरावर नवा कॉर्ड देते, पियानो पहिल्या घरावर, आणि बेस आपल्या मनाने कधी इकडे कधी तिकडे, असं झालं की नुसतं ‘कुणीतरी चुकतंय’ एवढंच ऐकू येतं. त्यामुळे कागदावर प्रत्येक आगाऊ कॉर्डवर बाण काढा. गिटार आणि पियानो एकत्र उडी मारतात, बेस बहुतेक वेळा जमिनीवर राहतो. पियानोवाल्याला जमत नसेल तर त्याला लांब कॉर्ड धरायला सांगा. दोघांनी आडवं वाजवणं हे दोघांनी एकाच वेळी बोलण्यासारखं आहे.

तपासणी: ड्रम बंद करा. फक्त गिटार, बेस आणि खुळखुळा. ठेका तरीही ओळखू येतो का? आला तरच धून आणायची.

## टप्पा ५: धून बसवा, एका उदाहरणासह

उदाहरणाला डब्ल्यू. सी. हॅंडीची १९१४ सालची ‘सेंट लुईस ब्लूज’ घेऊ. जगभर वाजते, बारा बारचा साचा सगळ्यांना माहीत असतो आणि हक्कांचा त्रास बराच कमी (त्याचं शेवटी पाहू). जोडी: बायांव आणि ब्लूज.

बायांवचा पाया थोडक्यात. झाबुंबा हा खांद्यावरून पट्ट्याने लटकवायचा ढोल आठ घरांत १ आणि ४ वर वाजतो, ४ वरचा ठोका मोकळा. ढोलाच्या खालच्या कातड्यावर बारीक काडी मधल्या जागा भरते. त्रिकोण सगळी घरं वाजवतो, हाताने दाबून, आणि प्रत्येक मात्रेच्या तिसऱ्या घरावर मूठ सोडून खणखणीत: ‘टि-टि-टिंग-टि’. वर अकॉर्डियन. आपल्याकडे हार्मोनियम घ्यायला हरकत नाही, फक्त भाता तोडून तोडून मारायचा, लांब स्वर धरायचे नाहीत.

५.१ बार मोजा. मूळ धून चार मात्रांच्या बारा बारची. मात्रेची गती तीच, साधारण १०० च्या आसपास ठेवून प्रत्येक बारचे दोन बार करा. बाराचे चोवीस होतात. गायकाच्या शब्दांची गती बदलत नाही, खाली मात्र प्रत्येक मात्रेची चार घरं पळू लागतात. एका बारला एकच बार धरलात तर शब्द दुप्पट घाईने म्हणावे लागतात आणि ब्लूजचा सगळा भार उडून जातो. ही चूक इतकी सर्रास दिसते की मी तालमीला गेलो की आधी हेच विचारतो.

५.२ धून सरळ करा. ब्लूज गायक अर्ध्या मात्रा स्विंगमध्ये गातो. आधी धून लांब-आखूड न करता, सपाट गा. चार-पाच वेळा. कंटाळवाणी वाटेल, वाटू द्या. मग प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द एक घर आधी आणा. फक्त शेवटचा. सगळेच शब्द पुढे-मागे केले की ओळखीची धून ओळखू येत नाही आणि नव्या श्रोत्याच्या हातातली दोरी सुटते.

५.३ स्वर जुळवा. हीच ती सोय, जिच्यासाठी ही जोडी निवडली. ईशान्य ब्राझीलच्या धुनांत कोमल निषाद अगदी घरचा आहे. आपल्या खमाजच्या थाटासारखा, कधी त्यात तीव्र मध्यमाची भर. ब्लूजलाही कोमल निषाद लागतोच. त्यामुळे सातव्या स्वराचे कॉर्ड जसेच्या तसे राहू द्या, गंधाराचं ब्लूजचं वळण गायकाकडे राहू द्या. तीव्र मध्यम हवा असेल तर तो फक्त अकॉर्डियनच्या जोडतुकड्यात घ्या, गाण्याच्या ओळीत नको.

५.४ मधला भाग हाताळा. या रचनेत बारा बारच्या भागांमध्ये सोळा बारचा एक मायनर भाग आहे आणि हॅंडीने तो मुळातच हबानेरा या क्यूबाच्या नृत्याच्या चालीवर लिहिला आहे. हबानेराचे ठोके आठ घरांत १, ४, ५, ७. बायांवचे १ आणि ४ त्यात आधीच बसलेले आहेत. म्हणजे इथे ठेका बदलायचाच नाही. बेसने ५ आणि ७ ही दोन घरं वाढवायची, बस्स. बऱ्याच बँडना या भागात काहीतरी नाट्यमय करायची हुक्की येते. करू नका. खालून दोन ठोके वाढलेले ऐकू येतात तेवढंच पुरेसं नाट्य आहे.

५.५ सोलो आणि परतीची वाट. सोलोसाठी बारा बारचा साचा, खाली बायांव. सॅक्सोफोनवाल्याला सांगा की त्याला हवं ते अमेरिकन वाजव, पण मात्रेचे चार भाग कर, तीन नको. शेवटच्या फेरीत पूर्ण बँडने स्विंगमध्ये उडी मारली तर टाळ्या नक्की मिळतात. पण ही उडी अलगद बसत नाही. उडीच्या आधीचे दोन बार सगळे थांबवा, फक्त त्रिकोण चालू ठेवा. ड्रमरने तिथे राइड झांजेवर स्विंग सुरू करायचा, त्रिकोणाने मूठ मिटायची. हा सांधा सुटा काढून वीस-पंचवीस वेळा घोटा. अख्खं गाणं वाजवून सांध्याचा सराव होत नाही.

इशारा: ठेका ब्राझीलचा, सोलो अमेरिकन, कॉर्ड नव्याने रंगवलेले, गती बदललेली, आणि धूनही वळवलेली, असं सगळं एकदम केलं तर श्रोत्याला धरायला काहीच उरत नाही. ओळखीचं असं एक तरी अंग अख्खं ठेवा.

## टप्पा ६: शब्द आणि उच्चार

नव्या श्रोत्यांना पोर्तुगीज कळत नाही म्हणून ती टाकून द्यायची गरज नसते. सर्जिओ मेंदेसच्या ब्राझील ’६६ या संचाने १९६६ मध्ये पोर्तुगीज शब्दांसकट गाणं अमेरिकन रेडिओवर चालवलं. वर दोन बायकांचे आवाज एका सुरात, आणि कुणालाही लगेच गुणगुणता येईल असा ‘ओ-आरिया’सारखा अर्थाविना चालणारा तुकडा. दुसरी वाट गेट्झ-जिल्बेर्तूच्या ‘द गर्ल फ्रॉम इपनेमा’ या प्रसिद्ध गाण्याची. अल्बमवर आधी जुआंवचं पोर्तुगीज कडवं, मग आस्त्रूद जिल्बेर्तू या गायिकेचं इंग्रजी, पाच मिनिटांहून मोठं. १९६४ मध्ये रेडिओसाठी जी छोटी तबकडी काढली तीत पोर्तुगीज कडवंच कापलं. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर ठरलं. माझं मत विचाराल तर रंगमंचावर दोन्ही भाषा ठेवाव्यात, आधी पोर्तुगीज. लोक आवाज ऐकतात, मग अर्थ कळल्याचा आनंद वेगळा मिळतो.

उच्चारासाठी देवनागरी आपल्या कामाची आहे. रोमन लिपी समोर ठेवून गाऊ नका, ऐकून देवनागरीत लिहून घ्या. रिओच्या बोलीत ‘ते’ शब्दाच्या शेवटी ‘चि’ होतो, ‘दे’चा ‘जि’. शेवटचा ‘ओ’ म्हणजे ‘उ’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ घशातून ‘ह’सारखा. शेवटचा ‘ल’ ‘उ’कडे जातो, म्हणून ‘ब्राझिउ’. आणि नाकातला ‘आंव’ ज्याला कोंकणी येते त्याला शिकवावा लागत नाही.

गोव्यात पोर्तुगीज येणारी ज्येष्ठ मंडळी आहेत आणि त्यांच्याकडे जाऊन शब्द तपासून घेण्याचा मोह होतो. अर्थासाठी जरूर जा. उच्चारासाठी मात्र सांभाळून, कारण त्यांची पोर्तुगीज लिस्बनच्या वळणाची असते. तिथे स्वर गिळतात, ब्राझीलमध्ये मोकळे सोडतात. लिस्बनच्या उच्चारात बोसा गायला की अक्षरं घरांत बसत नाहीत. बायांव गाताना आणखी एक पेच: ईशान्येतल्या पेर्नांबुकू राज्याकडचे बरेच लोक ‘चि-जि’ न म्हणता ‘ति-दि’च म्हणतात. ज्या गायकाचं ध्वनिमुद्रण समोर ठेवलं आहे त्याचंच ऐका.

## टप्पा ७: आवाजाची पातळी आणि कार्यक्रमाचा क्रम

बोसा म्हणजे दबका सांबा. ड्रमरने उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात आडवी काठी घ्यावी. गायकाने माइकच्या जवळ जाऊन, कंप न देता, बोलण्याच्या आवाजात गावं. तो ऐकू येत नसेल तर त्याला वर चढवू नका, बाकीच्यांना खाली आणा. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की खुळखुळा आणि नायलॉन गिटार ऐकू आली पाहिजे. त्याच्या सवयीप्रमाणे तो किक ड्रम फुगवतो आणि दुसऱ्या मात्रेचा सगळा खेळ पहिल्या मात्रेकडे सरकतो.

नव्या श्रोत्यांसमोर पहिलं गाणं ओळखीच्या अमेरिकन धुनेचं ठेवा, ठेका ब्राझीलचा. दुसरं उलट: ब्राझीलची धून, त्यावर अमेरिकन सोलो. लागोपाठ दोन बोसा कधीच नको. मध्ये बायांव किंवा सांबा-फंक टाका. बोलायचं असेल तर एका ठेक्याविषयी अर्ध्या मिनिटात, आणि लोकांकडून दुसऱ्या मात्रेवर टाळी घ्या. त्यांनी पहिल्या मात्रेवर दिली तर हसून सोडून द्या, सुर्दूवाल्याने तेवढं हलायचं नाही.

## टप्पा ८: हक्क आणि नावं

हे काम ध्वनिमुद्रण करायच्या आधी करा, अपलोड करताना नव्हे. भारतात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ब्राझीलमध्ये ७०. हॅंडी १९५८ मध्ये गेला, म्हणून त्याची धून भारतात मोकळी आहे. ती १९१४ ची असल्याने अमेरिकेतही मोकळी आहे. पण ७० वर्षांचा नियम असलेल्या देशांत ती २०२८ अखेरपर्यंत संरक्षित असू शकते. ब्राझीलच्या बाजूने सरावाला एर्नेस्टो नाझारेथ घ्या. तो १९३४ मध्ये गेला आणि त्याच्या पियानोच्या धुना रॅगटाइमशी झकास जुळतात. बोसाचा संगीतकार टॉम जोबिम १९९४ मध्ये गेला, त्यामुळे त्याची गाणी अजून दीर्घकाळ परवानगीचीच.

तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, शब्दांचं भाषांतर करून गाण्याला वेगळी परवानगी लागते, मग ते मराठीत का असेना. दोन, रचना मोकळी असली तरी तिचं एखाद्याने केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं असेलच असं नाही, त्यामुळे जुन्या तबकडीतला दोन सेकंदांचा तुकडाही तपासल्याशिवाय उचलू नका. तीन, ‘नकळत सुचलं’ ही सबब चालत नाही. ब्राझीलच्या जॉर्जी बेनचं १९७२ सालचं एक गाणं आहे, नाव चक्क ‘ताजमहाल’. त्याची धून रॉड स्टुअर्टच्या १९७८ च्या गाजलेल्या डिस्को गाण्यात आली, दावा झाला, कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि पुढे आत्मचरित्रात स्टुअर्टने ती नकळत झालेली उचल असल्याचं मान्य केलं.

नावं लिहिताना संगीतकार, मूळ शब्दांचा कवी, भाषांतर करणारा आणि अरेंजमेंट करणारा अशा चार वेगळ्या ओळी ठेवा. खाली ठेक्याचं नावही लिहा, ‘बायांव’ किंवा ‘सांबा’. नुसतं ‘लॅटिन’ नको.